चांगल्या बाटल्यांवरच्या फुल्या

मंगळवार, ४ मार्च

दादा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं. 'ती'पाशीच हात अडला. म्हणून नुसतंच दादा. चालवून घे.

तुझं पत्र पोचलं. सव्वा वर्षानं धाकट्या भावाची आठवण झाली, तीही कामापुरती. पहिल्या चार ओळी माझ्या तब्येतीच्या, पुढची तीन पानं कारखान्याची. तब्येत ठणठणीत आहे. सध्या अंड्यांच्या वखारीत तपासनीस आहे. दिव्यासमोर अंडं धरायचं, आत डाग दिसला की बाजूला काढायचं. काम तेच, माल बदलला. एक बरं आहे, चांगलं अंडं खराब म्हण असं सांगायला इथे कोणी येत नाही.

तर तुझं म्हणणं असं. आपला काच कारखाना नव्या मालकानं घेतला. भट्टी पुन्हा पेटणार, तू व्यवस्थापक होणार. तोंडानं नळी फुंकून बरण्या आणि बाटल्या करणारी माणसं आता शोधून सापडत नाहीत, म्हणून जुने बावीस जण मी गोळा करायचे. महिनाअखेर सह्यांची यादी हातात पडली नाही, तर नवा मालक फुंकणाऱ्यांचा नाद सोडणार आणि यंत्रं मागवणार. मग कोणालाच काम नाही. भाऊजी आले तर बाकीचे येतील, हेही तू लिहिलंस. आणि शेवटी, जाता जाता, 'तपासणीच्या टेबलावर तूच, ते वेगळं सांगायला नको'.

ते वेगळं सांगितलंस ते बरं केलंस. ती ओळ मी पाच-सहा वेळा वाचली. अंड्यांचा वास कपड्यांतून जात नाही रे.

पत्रासोबत कात्रणही पाठवलंस. वा! 'मंदीच्या काळातील पुढारी' या विषयावर तुझं व्याख्यान झालं, फोटोही छान आलाय. पुढाऱ्यानं संकटात स्वतः डगमगू नये, माणसांना आशा द्यावी, एकालाही वाऱ्यावर सोडू नये. आणि मागून येणाऱ्यांनी प्रश्न कमी विचारावेत, साथ जास्त द्यावी. टाळ्या पडल्या असतील. पण तू एक भाग गाळलेला दिसतोस. विसरला असशील, वय झालं आता. मी आठवण करून देतो.

त्या वर्षी जूनमध्ये ऑर्डरी बंद झाल्या. एकदम, नळ बंद करावा तशा. ते फक्त तुला आणि जुन्या मालकाला माहीत होतं. काचेची भट्टी विझवली तर आतली काच गोठते, विटा तडकतात, सगळी भट्टी नव्यानं बांधावी लागते. म्हणून ती विझवायची नाही. आणि माणसं रिकामी बसली तर पांगतील, एकदा पांगली की परत गोळा होणार नाहीत. म्हणून त्यांना बसवायचं नाही. मग तू तोड काढलीस. त्यांनी बाटल्या फुंकायच्या, त्या थंड करण्याच्या बोगद्यातून पलीकडच्या शेडमध्ये माझ्या टेबलावर यायच्या, मी त्यांच्यावर तेलखडूनं फुली मारायची, आणि नापास माल म्हणून तो फोडून परत त्याच भट्टीत टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्याच काचेच्या बाटल्या, तीच फुली.

तू मला ऑफिसात बोलावलंस, दार लावलंस आणि म्हणालास, "महिनाभराचा प्रश्न आहे. गिऱ्हाईक येणार आहे. तोवर माणसं एकत्र राहिली पाहिजेत. तू माझा भाऊ आहेस म्हणून तुला सांगतोय."

त्या शेवटच्या वाक्यानं माझी छाती किती फुगली, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून तू मला काही सांगत नव्हतास.

महिन्याचे पाच महिने झाले. गिऱ्हाईक आलं, चालू भट्टी बघून गेलं आणि परत फिरकलं नाही. नोव्हेंबरात भट्टी विझली. तुला महिन्याभरात दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. आम्ही इथेच राहिलो. आणि त्या बावीस जणांना आजही वाटतं, की कारखाना त्यांच्या हाताच्या खोटीमुळे बुडाला.

बघतो काय करता येतं ते.

तुझा भाऊ


मंगळवार, ११ मार्च

दादा,

ताईकडे जाऊन आलो. मुद्दाम दुपारी गेलो, भाऊजी पार्सलच्या गोदामातून दोनला येतात. खोकी बांधतात तिथे. ज्या माणसाच्या एका श्वासात सारख्या जाडीची बरणी व्हायची, तो आता चिकटपट्टी दातांनी तोडतो.

ताई दारातच म्हणाली, "आलास? बरा रस्ता सापडला." मग आत जाऊन चहा टाकला. ती अशीच, तुला माहीत आहे. तुझं नाव तिनं घेतलं नाही. मीही लगेच घेतलं नाही.

भाऊजी बारीक झालेत. गाल बसलेत. फुंकणाऱ्याचे गाल कसे असतात, रबरासारखे, ते सगळं ओसरलंय. पण दादा, खरी गोष्ट ही नाही. ताईनं आतून हाक मारली म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो, तर ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यांच्याबरोबर औषधाच्या दुकानात जायची सोय राहिली नाही बघ. दुकानदार बाटली देतो आणि हे ती उजेडात धरून फिरवत बसतात. मागे रांग लागते. परवा एकानं विचारलं, काय झुरळ सापडलं का? हसावं की रडावं!"

मी हसलो. ती हसली नाही.

बाहेर आल्यावर भाऊजींना तुझा निरोप सांगितला. भट्टी पेटणार, दादा बोलावतोय, बावीस जण हवेत, तुम्ही पहिले. मला वाटलं, ते चिडतील. तुझ्या नावानं चार शिव्या देतील, मग मी दोन माझ्या घालीन, आणि गाडी रुळावर येईल. पण ते नुसते हातांकडे बघत राहिले.

म्हणाले, "मी काय तोंडानं येऊ रे? दादा भला माणूस आहे म्हणून बोलावतो. पण माझ्यामुळेच तर माल नापास होत होता. पुन्हा तेच झालं तर एकवीस जणांच्या पोटावर पाय येईल."

"तुमच्या एकट्यामुळे थोडंच..." मी म्हणालो.

"माझ्या बाटल्यांवर सगळ्यांत जास्त फुल्या होत्या. तूच सांगायचास ना?"

दादा, त्यांच्या बाटल्यांवर जास्त फुल्या होत्या, कारण ते सगळ्यांत जास्त बाटल्या करायचे. एवढं साधं उत्तर होतं. ते माझ्या जिभेवर आलं आणि मी चहाबरोबर गिळलं. तुझी यादी आधी व्हायला हवी होती ना! हे सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

ते बोलतच होते. "किती बाटल्या फोडून बघितल्या मी तेव्हा. कंपास लावून जाडी मोजली. सगळीकडे सारखी. मग वाटलं, माझे डोळेच गेले असतील. डॉक्टरकडे गेलो, तो म्हणाला, डोळे चांगले आहेत. तरी तुझ्या त्या यंत्रात ताण दिसायचाच. ते रंगीत पट्टे अजून डोळ्यांपुढे येतात माझ्या. तो ताण नक्की कशानं येत होता रे? तुला तरी कळलं का शेवटी?"

तू व्यवस्थापक होतास, तरी तुला हे यंत्र नीट माहीत नसेल, म्हणून सांगतो. काचेच्या आतला ताण उघड्या डोळ्यांना दिसत नाही. दोन काळ्या काचांच्या मध्ये बाटली धरली तरच आत रंगांचे पट्टे दिसतात. ते यंत्र माझ्या टेबलावर होतं आणि ते बघायची सवय फक्त मला होती. म्हणूनच तर तू 'ताण' हा दोष निवडलास. बुडबुडा म्हटलं असतं तर कोणीही येऊन विचारलं असतं, दाखव कुठे आहे. ताण म्हटला की सगळे गप्प. डॉक्टरनं आतलं काहीतरी बिघडलंय म्हटल्यावर माणूस जसा गप्प होतो, तसे.

मी भाऊजींना म्हणालो, "मातीत काहीतरी असेल. वाळू खराब आली असेल."

हे ऐकून त्यांना बरं वाटलं नाही. ते म्हणाले, "वाळू सगळ्यांना सारखीच होती."

निघताना ताईनं विचारलं, "दादानं माझ्याबद्दल काही लिहिलंय?" मी म्हणालो, खुशाली विचारलीय. तू विचारली नव्हतीस. घे, हेही एक तुझ्या खात्यावर मी बोललेलं खोटं.

मला यांना खरं सांगायचं आहे. तुझी परवानगी मागत नाही, पण कळवतोय. सवय जात नाही.

तुझा भाऊ


रविवार, १६ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं. 'आत्ताच काही बोलू नकोस. माणसं आधी रुजू होऊ देत. काम सुरू झालं, हाताला यश आलं, की त्यांचा आत्मविश्वास आपोआप परत येईल. मग सांगायची गरजच उरणार नाही. आज सांगितलंस तर एकही सही मिळणार नाही. पुढचा विचार कर.'

पुढचा विचार! तू नेहमी पुढचाच विचार केलास. मागे कोण धडपडलं ते बघायला आम्ही होतोच.

तुझा राग करावा म्हणून ते पत्र दोनदा वाचलं, आणि माझीच पंचाईत झाली, कारण पहिल्यांदा वाचताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दादा नको म्हणाला, चला, नाही सांगायचं. पाच महिने मी असाच जगलो. सकाळी खडू हातात घ्यायचा आणि मनात म्हणायचं, दादाला माहीत आहे ना, मग झालं.

एक गोष्ट मी तुला आजवर सांगितलेली नाही. ऑगस्टमध्ये भाऊजींना दुसऱ्या कारखान्याचं बोलावणं आलं होतं. मोठा कारखाना, दवाखान्यांना माल देणारा. राहायला जागा देणार होते. पत्र खिशात घालून ते जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आले. कोणालाच सांगितलं नव्हतं त्यांनी, ताईलासुद्धा नाही. म्हणाले, "तू रोज माझा माल बघतोस. तू सांग. जाऊ का? माझ्या हातातच खोट असली तर तिथे जाऊन नाक कापून घेण्यात काय अर्थ आहे?"

मला सगळं माहीत होतं. ऑर्डर नाही, भट्टी आज ना उद्या विझणार, आणि त्यांच्या हाताइतका चांगला हात त्या शेडमध्ये दुसरा नाही. एक 'जा' म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणालो, "आधी इथलं नीट करा. मग जा."

ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि वळून परत भट्टीकडे गेले. दोन दिवसांनी त्या कारखान्याला नकार कळवला.

हे तू मला करायला सांगितलं नव्हतंस. पण भाऊजी गेले असते तर चौघे-पाचजण त्यांच्यामागून गेले असते, आणि तू मला विचारलं असतंस, तुला एवढंसुद्धा सांभाळता आलं नाही? त्या एका प्रश्नाच्या भीतीनं मी ताईचं घर बुडवलं. हसू नकोस. तू हसणार नाहीस म्हणा, तू फार तर कपाळाला आठी घालशील.

तुझं उत्तर मिळालं आणि मी ठरवलं. पुढच्या रविवारी सगळ्यांना ताईच्या घरी बोलावलं आहे. सांगणार आहे. सह्या नाही मिळाल्या तर नाही. मी अंडी तपासत राहीन, तू व्याख्यानं देत राहा.

भाऊ


सोमवार, २४ मार्च

दादा,

काल झालं एकदाचं. जसं घडलं तसं लिहितो. मध्ये माझी वकिली करणार नाही. केलीच तर ओळखशील.

सोळा जण आले होते. उरलेल्या सहांनी निरोप दिला होता, की भाऊजी म्हणतील ते आम्हाला मान्य. ताईची बाहेरची खोली ती केवढी, माणसं उंबऱ्यापर्यंत. भट्टीवर कोळसा बघणारे मामा एकट्या खुर्चीत बसले होते, गुडघ्यांमुळे. बाकी सगळे खाली. ताई दारात ट्रे घेऊन उभी.

मी बसूनच बोलायला सुरुवात केली. मग उठलो. ऑर्डर नव्हती, माल नापास नव्हता, फुल्या खोट्या होत्या, तुमच्याच बाटल्या फोडून तुमच्याच भट्टीत जात होत्या. सगळं सांगितलं. कोणी करायला लावलं तेही सांगितलं, आणि कसं, आणि किती दिवस. वाटलं, आता कोणीतरी उठून कानाखाली आवाज काढणार. मी तयार होतो. खरं तर मी वाटच बघत होतो.

मामांनी विचारलं, "म्हणजे माल चांगला होता?"

"चांगला होता, मामा."

"सगळा?"

"शंभरात दोन-तीन खराब. नेहमीसारखे. बाकी सगळा चांगला."

दादा, मग काय झालं असेल? ओळख बघू! ती माणसं हसायला लागली. आधी मामा, तोंडाचं बोळकं उघडून, मग सगळेच. एकानं भाऊजींच्या पाठीत जोरात थाप मारली. "अरे लेका, चांगलं होतं काम आपलं! म्हणत नव्हतो मी? कंपास लावून बघितलं होतं ना!" कोणी डोळे पुसत होतं. बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "माझा नवरा मला रोज टोमणे मारायचा, तुमचा कारखाना म्हणजे भंगाराचं दुकान. आज घरी जाते आणि बघतेच त्याच्याकडे." पाच महिने खोट्या फुल्या, पुढे सव्वा वर्ष कारखाना बंद, आणि ही माणसं लग्नघरासारखी हसत होती. मला रडू आलं. भाऊजी मात्र दोन्ही तळवे उघडून बघत राहिले.

मग तुझा विषय निघाला. आता ऐक, तुझ्या आवडीचा भाग आहे.

मी म्हणालो, दादानं तुम्हाला फसवलं. तर मामा म्हणाले, "मोठ्या माणसाला चार गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात, बाबा. खरं सांगितलं असतं तर आपण थांबलो असतो का? दुसऱ्या दिवशी निम्मी शेड रिकामी झाली असती." दुसरा म्हणाला, "त्यानं आपल्याला घालवलं नाही, हे विसरू नका. बाकीच्या कारखान्यांनी काय केलं? गेटावर यादी लावली आणि मोकळे." तिसरा म्हणाला, "आणि आता आठवण ठेवून परत बोलावतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडलोच, "अहो, त्यानं तुम्हाला पाच महिने वेड्यात काढलं! स्वतः नोकरी शोधून निघून गेला!" मामा शांतपणे म्हणाले, "तू लहान आहेस, तुला नाही कळायचं." सेहेचाळीस वर्षांचा आहे मी.

आणि खरं सांगतो, त्या रागाच्या तळाशी मला हायसं वाटत होतं. तुला माफ केलं म्हणजे मलाही केलंच, असं मी धरून चाललो. ट्रेमधला कप उचलला. अर्धा प्यायलोसुद्धा.

तेव्हा भाऊजी पहिल्यांदा बोलले. "मग ती बाटली?"

"कुठली?" मी म्हणालो. मला माहीत होतं कुठली.

"मी बघायला आलो होतो तुझ्याकडे. जुलैमध्ये. तू ती दोन काळ्या काचांच्या मध्ये धरून मला दाखवलीस. वरपासून खालपर्यंत रंगीत पट्टे होते. ती माझी बाटली नव्हती?"

"तुमचीच होती."

"चांगली होती?"

"हो."

"मग पट्टे कुठून आले?"

मी सांगितलं. ते बघायला येणार हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. मी त्यांची बाटली घेतली, शेगडीवर तापवली आणि ओल्या फडक्यावर ठेवली, म्हणजे आत ताण राहतो. पहिल्या तीन फुटल्या. चौथी टिकली. ती पुसून, थंड करून टेबलाखाली ठेवून दिली, कोणी बघायला आलं की दाखवायला.

"दादानं सांगितलं होतं असं करायला?"

दादा, इथे मी 'हो' म्हणू शकलो असतो. तू तिथे नव्हतास. त्यांनी तुला तेही माफ केलं असतं, काल ते सगळं माफ करायच्याच मनःस्थितीत होते. आणि मी सुटलो असतो.

"नाही," मी म्हणालो. "ते माझं डोकं."

भाऊजी म्हणाले, "दादा खोटं बोलला तो सगळ्यांशी बोलला. लांबून बोलला. तू चार बाटल्या तापवल्यास रे. तीन फुटल्यावर थांबायचं होतंस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी ऑगस्टमधल्या त्या पत्राबद्दलही बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. "ते मला आत्ता कळलं. तू सांगू नकोस."

ताई पुढे आली. माझ्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि आत गेली. मी जाईपर्यंत बाहेर आली नाही.

मग त्यांनी आपसात ठरवलं. मी तिथेच बसून होतो, भिंतीला टेकून. कोणी मला जा म्हटलं नाही, कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. सगळे यायला तयार आहेत. भाऊजीसुद्धा. त्यांची मान काल सरळ होती, एवढं मात्र मी डोळ्यांनी बघितलं. अर्ज लिहायची वेळ आली, तेव्हा मामा म्हणाले, "तूच लिही. अक्षर तुझं चांगलं आहे."

मी कागद मांडीवर घेतला. आम्ही खाली सह्या करणारे वगैरे वगैरे. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. शेवटी मामा म्हणाले, "आता लिही, अट एकच. तपासणीच्या टेबलावर दुसरा माणूस द्यावा. जुना तपासनीस कारखान्यात कुठल्याही कामावर नको. ही अट मान्य नसेल तर आमच्यापैकी कोणीही रुजू होणार नाही."

मी विचारलं, "'कुठल्याही' घालू?"

"घाल."

मी घातलं. सोबत अर्ज आहे, बघ. एकही खाडाखोड नाही. बावीस सह्या आहेत, सहा जणांच्या आज सकाळी घरोघर फिरून आणल्या. त्यांनाही अट वाचून दाखवली. एकानं विचारलं, "जुना तपासनीस म्हणजे तूच ना?" मी म्हणालो, हो, इथे सही करा.

तुला पाहिजे होतं ते मिळालं. आता तुझ्याकडून काय येतं ते बघायचं.

भाऊ


शनिवार, २९ मार्च

दादा,

तुझं पत्र काल पोचलं. 'अट मान्य आहे. भट्टी पंधरा एप्रिलला पेटेल. सगळ्यांना कळव. तू समजून घेशील याची खात्री आहे. तू पहिल्यापासून समजूतदार.'

सगळ्यांना कळवलं. भाऊजींच्या दारात उभा राहूनच सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी पोचलो तेव्हा आतून नळी फुंकल्याचा आवाज येत होता. कुठूनतरी जुनी लोखंडी नळी आणून ते पाण्याच्या बादलीत बुडबुडे काढत असतात, दम परत यावा म्हणून. ताईनं आतून विचारलं, "कोण आहे?" ते म्हणाले, "कोणी नाही, निरोप होता."

मी काही तक्रार करत नाही. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही माझ्यासारखा माणूस टेबलावर बसू दिला नसता. ते मी गिळलं. आठवडाभर लागला, पण गिळलं.

दुसरी एक गोष्ट गिळत नाही. हसशील तर हस. अर्ज पाकिटात घालताना मला वाटलं होतं, तू अडून बसशील. लिहिशील, की फुल्या मी मारायला लावल्या, त्याला का काढता? किंवा निदान एवढं तरी, की माझ्या भावाला कुठेतरी कोपऱ्यात ठेवा, वाळू चाळायला का होईना. ते ऐकले नसते. मी आलोही नसतो. पण तू लिहिलं असतंस. पोस्टमन दिसला की मी या वयात वखारीच्या दारापर्यंत पळत जात होतो, हातात अंडं तसंच.

मी सोमवारी दुपारी अर्ज टाकला. इथून तुझ्याकडे पत्र जायला दोन दिवस लागतात. तुझ्याकडून यायला दोन दिवस. तुझं उत्तर शुक्रवारी माझ्या हातात होतं.

म्हणजे एक रात्रसुद्धा लागली नाही तुला, दादा.